कोलेस्टेरॉलची गोळी आणि विसराळूपणा : हा संशय आला कुठून?

‘कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून नावंच आठवत नाहीत’ ही तक्रार नवी नाही. कोलेस्टेरॉल उतरवल्याने मनावर काही परिणाम होतो का, ही शंका तर स्टॅटिन, म्हणजे आज सर्रास दिल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, घरोघरी पोचण्याआधीच घेतली गेली होती. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मल्डून आणि सहकाऱ्यांनी आहार व जुन्या औषधांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. हृदयविकाराचे मृत्यू घटलेले दिसत होते, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसा यांतले वाढलेले! डॉक्टरमंडळी चक्रावली.

स्टॅटिनचा मूळ रेणू जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये बुरशीत सापडला होता. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने सिमव्हास्टॅटिन जीव वाचवतं हे दाखवलं. हृदयविकाराखेरीज इतर कारणांचे मृत्यू त्यात वाढले नव्हते. जुनी भीती ओसरली. स्मरणशक्तीचा प्रश्न मात्र उरला.

शंकेला शास्त्रीय आधार अगदीच नव्हता असं नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीरातलं सुमारे २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल त्याच्यात असतं. ते तो स्वतःच तयार करतो, रक्तातून उचलत नाही. मात्र सिमव्हास्टॅटिनसारखी चरबीत विरघळणारी औषधं मेंदूपर्यंत पोचू शकतात.

मल्डून यांनी मग थेट स्टॅटिनच तपासलं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २०९ जणांना सहा महिने लोव्हास्टॅटिन किंवा औषध नसलेली नकली गोळी दिली होती, आणि आधी व नंतर बुद्धीच्या परीक्षा घेतल्या होत्या. त्याच प्रकारच्या परीक्षा पुन्हा दिल्या की सरावाने गुण वाढतातच. नकली गोळीवाले सगळ्याच विषयांत सुधारले. औषधवाले फक्त एका विषयात, आणि तो म्हणजे स्मरण! मागे राहिलं ते लक्ष आणि हालचालींचा वेग. फरकही किरकोळ होता. पण ‘स्टॅटिनने मेंदू मंदावतो’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

त्याहून जास्त बोलबाला झाला तो ड्वेन ग्रेव्हलाइन यांच्या अनुभवाचा. ते डॉक्टर, शिवाय नासाने अंतराळवीर म्हणून निवडलेले. १९९९ मध्ये अॅटॉर्व्हास्टॅटिन सुरू केल्यावर काही तास बायकोलाही ओळखलं नाही, असं त्यांनी लिहिलं. अशा माणसाचं म्हणणं कोण झटकून टाकणार? २००३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाकडे आलेल्या अशा ६० तक्रारींचा आढावाही छापून आला. पण तक्रारींवरून कारण सिद्ध होत नाही. गोळी घेणारे बहुतेक जण विसरण्याच्याच वयातले असतात.

मोठ्या चाचण्या वेगळंच सांगत होत्या. २००२ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या ५,८०४ जणांवरच्या प्राव्हास्टॅटिनच्या चाचणीत बौद्धिक क्षमतेत फरक आढळला नाही. उलट २००० च्या सुमारास काही निरीक्षणांवरून स्टॅटिन डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळतं अशी आशा पसरली होती. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत तीही फोल ठरली.

तरीही फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकी प्रशासनाने स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसराळूपणा आणि गोंधळ यांची नोंद घालायला लावली. हे परिणाम गंभीर नसतात आणि गोळी थांबवली की जातात, अशा खुलाशासह. त्याच आदेशात रक्तातली साखर वाढण्याचाही इशारा होता. माझ्या मते आपल्याकडच्या मधुमेहाचं प्रमाण पाहता चर्चा त्याची व्हायला हवी होती. पण गाजला विसराळूपणाच.

२०१५ मधल्या एका अभ्यासाने या तक्रारींकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. कोलेस्टेरॉलचं कुठलंच औषध न घेणाऱ्यांपेक्षा स्टॅटिन सुरू करणाऱ्यांमध्ये पहिल्या ३० दिवसांत विसराळूपणाच्या नोंदी जास्त होत्या. पण कोलेस्टेरॉलची स्टॅटिन नसलेली औषधं सुरू करणाऱ्यांमध्येही त्या तशाच जास्त होत्या. म्हणजे एक तर कोलेस्टेरॉलचं कुठलंही औषध स्मरणशक्ती बिघडवतं, नाहीतर नवी गोळी सुरू झाली की माणूस आणि त्याचा डॉक्टर दोघंही विसरण्याकडे बारकाईने पाहू लागतात. पहिल्या शक्यतेला २०१७ मध्ये धक्का बसला. इव्होलोक्युमॅब या इंजेक्शनाने वाईट कोलेस्टेरॉल फारच खाली नेऊनही संगणकावरच्या परीक्षांत नकली इंजेक्शनवाल्यांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही.