मीलन-व्यत्यय तंत्र

मादी पतंगाचा कृत्रिम कामगंध शेतभर पसरवून नराला खरी मादी सापडू न देणे, ही कीड नियंत्रणाची पद्धत. यात पतंग मरत नाहीत. मीलन हुकते, मादीची अंडी फलित होत नाहीत आणि पुढची पिढी घटते. कामगंध सापळ्याशी तिची सर्रास गल्लत होते. सापळ्यातली ल्यूर (गंधाचे आमिष) नराला एका जागी बोलावते. इथे गंध चहूकडून येतो, त्यामुळे माग काढायचा तरी कुठला, हेच त्याला कळत नाही.

कामगंधाचे रसायन प्रथम ओळखले ते आडोल्फ बुटेनांट यांनी, 1959 मध्ये, रेशीमकिड्याच्या सुमारे 5 लाख माद्या खर्ची घालून. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा कामगंध, गॉसिप्लूर, 1973 मध्ये उलगडला आणि 1978 मध्ये अमेरिकेत मीलन-व्यत्ययासाठी नोंदवला गेला. पुढे तिथे बीटी कपाशी (जनुकबदलाने अळीला मारक केलेले वाण) आणि वांझ करून सोडलेले पतंग यांच्या जोडीने तो वापरून 2018 मध्ये देश या अळीपासून मुक्त जाहीर झाला.

त्याच्या आदल्याच वर्षी विदर्भात बीटीला दाद न देणाऱ्या याच अळीने हाहाकार माजवला होता. अळी अंड्यातून निघाली की लगेच पात्यात (कळीत), फुलात किंवा बोंडात शिरते. बोंडावरचे छिद्र बुजते आणि फवारा आत पोचत नाही. फुलातली अळी पाकळ्या आतून जाळ्याने बांधते, फूल उमलत नाही. तीच डोमकळी. ती दिसली म्हणजे पतंगांचे मीलन केव्हाच उरकलेले असते. म्हणून गंधाच्या दोऱ्या (पीबी नॉट) पेरणीनंतर 45 ते 50 दिवसांनी, पाते लागताना बांधतात. एकरी सुमारे 160.

एकट्याने दोन एकरांत दोऱ्या बांधणे मात्र जवळपास वाया जाते. शेजारच्या शेतात फळलेली मादी धुरा (बांध) ओलांडून येते आणि अंडी घालते; तिला आता नर नकोच असतो. सलग मोठे शिवार असेल तरच पैसे वसूल. तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर या गंधाचा काहीच परिणाम नाही.

दोऱ्या बांधलेल्या शेतातला सापळा रिकामा राहतो. नर चकले एवढेच त्यातून कळते. बाहेरून आलेल्या माद्यांचा हिशेब तिथे लागत नाही. त्यासाठी हिरवी बोंडे फोडावी लागतात. वेगवेगळ्या झाडांवरच्या 20 बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, की फवारणीची वेळ आली.