ॲडमिट की ओपीडी? जन आरोग्य योजनेचे कार्ड कुठे चालते, कुठे नाही : खान्देशातल्या कुटुंबांसाठी माहिती

धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीशी थोडा वेळ थांबा. एक वाक्य हमखास कानावर येते : "कार्ड शे ना, मंग पैसा काबर मांगतस?" कार्ड खरे असते आणि बहुतेक वेळा मागितलेले पैसेही नियमातच असतात. घोळ होतो तो रुग्ण कोणत्या नोंदीत आहे यावरून. केस पेपरवर नुसती बाह्यरुग्ण अशी नोंद असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींतून जवळपास काहीच मिळत नाही. आंतररुग्ण म्हणून भरती झाली आणि आजार योजनेच्या यादीत असला, तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

आधी पात्रता. धुळे जिल्ह्याला ही योजना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगाव-नंदुरबारला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली आणि एप्रिल २०१७ पासून सध्याचे नाव मिळाले. तेव्हा पिवळे, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी शिधापत्रिकाधारक पात्र होते. पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना सवलत होती ती फक्त चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांत, आणि त्या यादीत खान्देशातला एकही जिल्हा नव्हता. मलकापूरचा शेतकरी सातबारा दाखवून पात्र ठरायचा, शेजारच्या मुक्ताईनगरचा नाही. हा अन्याय बरीच वर्षे चालला. १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट उरलेली नाही, पांढरे कार्डही चालते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते.

आता पैसे कसे ठरतात ते पाहू. दवाखान्याचे वागणे समजायला हे कळणे फार उपयोगी पडते.

भरती झालेल्या रुग्णासाठी सरकार दवाखान्याला 'पॅकेज' देते. शस्त्रक्रिया असेल तर खाट, तपासण्या, डॉक्टरांची फी, औषधे, जेवण, आत बसवायचा रॉड किंवा स्टेंट, सगळे मिळून ठरलेली रक्कम. ती थेट दवाखान्याच्या खात्यात जाते, रुग्णाच्या हातात येत नाही. आयुष्मान भारतच्या नियमांत एकाच वेळी तीन शस्त्रक्रिया झाल्या तर सर्वांत महागडीचे १०० टक्के, दुसरीचे ५० आणि तिसरीचे २५ टक्के मिळतात. शस्त्रक्रिया नसलेल्या आजारात, समजा न्यूमोनियात, दर दिवसाचा असतो आणि रुग्ण साध्या वॉर्डात आहे की अतिदक्षता विभागात, यावर तो बदलतो. आयुष्मान भारतच्या नियमांत भरतीआधीचे ३ दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे १५ दिवस यांचा संबंधित तपासण्या-औषधांचा खर्चही याच रकमेत धरलेला आहे. सुटीच्या वेळी औषधे बाहेरून आणायला सांगितली, तर हे १५ दिवस नम्रपणे आठवून द्यावेत.

ओपीडीला असे पॅकेज नाही. महिन्याच्या मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, एक्स-रे काढून घरी परत, हे कार्डावर बसत नाही. मात्र एक मधला गट आहे आणि तिथेच लोक सर्वांत जास्त गोंधळतात. डायलिसिसचा रुग्ण सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. किमोथेरपीचेही बऱ्याचदा तसेच. रात्रीचा मुक्काम नसला तरी हे उपचार योजनेच्या यादीत आहेत आणि त्यांचे पैसे मिळतात. तेव्हा "एक दिवसाचंच आहे, कार्ड लागणार नाही" असे कोणी म्हटले तर तिथेच विषय सोडू नका, आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा मदतनीस) यादी पाहायला सांगा.

जगात इतर ठिकाणीही ही दुहेरी पद्धत आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेल्या मेडिकेअरने ऑक्टोबर १९८३ पासून भरती रुग्णांसाठी डीआरजी पद्धत लावली. मुख्य निदान, जोडीचे आजार आणि शस्त्रक्रिया पाहून रुग्ण एका गटात टाकायचा आणि त्या मुक्कामाचे एकच पैसे द्यायचे. ओपीडीसाठी तिथे ऑगस्ट २००० मध्ये एपीसी नावाची वेगळी वर्गवारी आली. तिच्यात निदानापेक्षा प्रत्यक्ष काय केले ते मोजतात, आणि एकाच फेरीत दोन-तीन गटांचे पैसे लागू शकतात. डीआरजी म्हणजे आपल्या भरीत पार्टीची वर्गणी : एकदा दिली, मग कोणी किती पुऱ्या खाल्ल्या ते मोजत नाहीत. एपीसी म्हणजे हॉटेलातले ताटागणिक बिल. त्यामुळे पहिल्या पद्धतीत दवाखान्याला रुग्ण लवकर घरी पाठवावासा वाटतो, दुसऱ्या पद्धतीत फेऱ्या वाढवाव्याशा वाटतात. आपल्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानेही २०२२ च्या पॅकेज यादीसोबत रुग्ण-वर्गवारीचे पहिले पाऊल टाकले आहे. आपली सध्याची पॅकेजे डीआरजीइतकी बारीक नाहीत, पण कल त्याच दिशेचा आहे.

मग ओपीडीचे काय करायचे? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसह तपासणी-उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, आणि चोपडा, शिरपूर, नवापूर येथली उपजिल्हा रुग्णालये यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने त्यांना हा निर्णय लागू नव्हता. जळगावचे जुने 'सिव्हिल' आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. लोक अजूनही त्याला सिव्हिलच म्हणतात आणि शुल्क मागितले की चिडतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी गावाजवळचे आरोग्य केंद्रच बरे. एमआयडीसीतल्या कामगाराचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि विमा हप्ता कापला जात असेल, तर ईएसआयसीमध्ये (कामगारांच्या राज्य विमा योजनेत) ओपीडी आणि भरती दोन्ही येतात. हे कार्ड असूनही बरेच जण वापरत नाहीत.

भरतीच्या वेळी प्रक्रिया अशी : योजनेशी जोडलेल्या दवाखान्यात आधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. शिधापत्रिका, रुग्णाचे आधार किंवा दुसरे फोटो ओळखपत्र आणि असल्यास आयुष्मान कार्ड द्या. शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक निघाला पाहिजे आणि रुग्णाचे नाव तिच्यात असले पाहिजे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातच राहिलेले असते, आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतीच्या वेळी ते ध्यानात येते. तहसील कार्यालयातले हे काम सवड असतानाच उरकून घ्यावे. तान्ह्या बाळासाठी जन्माचा दाखला आणि आई-वडिलांची कागदपत्रे लागतात. पोलिसांत नोंद झालेला अपघात असेल तर एफआयआरची प्रत. मग डॉक्टर रिपोर्ट जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतात, ती आली की उपचार सुरू होतात. तातडीच्या रुग्णाला आधी भरती करून फोनवर परवानगी घेण्याची सोय आहे. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे खासगीत 'नाही' म्हटले तर ते दरवेळी टाळाटाळच असते असे नाही.

खासगी मेडिक्लेम असणाऱ्यांसाठी नियम निराळे. साधारणपणे २४ तासांची भरती लागते, डे-केअर (त्याच दिवशी घरी जाता येणाऱ्या) उपचारांना मात्र ही अट नसते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत भरतीआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो, म्हणून ओपीडीच्या चिठ्ठ्या आणि मूळ बिले फेकू नका.

आजार यादीतच नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी अर्ज करता येतो. दवाखान्याचे खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी तपासलेले), तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका, रिपोर्ट आणि दाखल रुग्णाचा जिओ-टॅग फोटो त्याला जोडावा लागतो. फोटो दाखल असतानाचाच हवा, म्हणून हा अर्ज डिस्चार्जच्या आधीच गेला पाहिजे.

कार्डावर भरती असताना दवाखान्याने पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पावती देत नसतील तर तेही तक्रारीत सांगा.