जपानी मुलं खोड्याच काढत नाहीत?

‘जपानमध्ये चौथीपर्यंत परीक्षाच नसते, फक्त शिष्टाचार शिकवतात, म्हणून तिथली मुलं खोड्या काढत नाहीत’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात एक गोष्ट खरी आहे, मुलं वर्ग स्वतः झाडतात. त्यामुळे बाकीचंही पटतं.

आधी परीक्षेचं. पहिलीतच ८० कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) शिकायची असतात आणि धडा संपला की १०० गुणांची छोटी चाचणी होते. प्रगतिपुस्तकही मिळतं.

आता खोड्या. साधी कसोटी अशी: जी गोष्ट घडतच नाही तिला घरोघरी माहीत असलेलं नाव कशाला असेल? जपानीत ‘देकोपिन’ म्हणजे कपाळावर टिचकी. ‘शिप्पे’ म्हणजे दोन बोटं जुळवून मनगटावर फटका. ‘जानकेन’मध्ये (आपलं दगड-कागद-कात्री) हरला की खायचा. ‘हिझा काक्कुन’ सगळ्यांत मजेशीर. हिझा म्हणजे गुडघा. बेसावध उभ्या असलेल्या मित्राच्या मागे जाऊन आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांच्या लवणीत हलकेच टेकवायचे. ताठ उभं असताना मांडीचे स्नायू सैल असतात, त्यामुळे तेवढ्यानंही तो मटकन खाली बसतो. जिन्यावर मात्र हे धोक्याचं.

हे शब्द जपानी शब्दकोशात सापडतात. ओळखीच्या एखाद्या मराठी कुटुंबाचं मूल तिथल्या सरकारी शाळेत असेल तर त्यालाच विचारा. ‘काक्कुन’ म्हटल्यावर बहुधा आधी हसेल.