मोटरचा सूर उतरला की

काँक्रीटमध्ये भोक पाडताना ड्रिल अडलं की हात आपोआप जास्त रेटा देतो. मोटरचा चढा सूर खाली येतो, मशीन गुरगुरायला लागतं आणि थोड्याच वेळात करपट वास सुटतो. मोटरचा फिरणारा, गुंडाळीचा भाग, म्हणजे आर्मेचर गेलं!

हे का होतं, ते मजेशीर आहे. फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्राचंही काम करत असते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या तिच्या गुंडाळीत उलटा विद्युतदाब तयार होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या विजेला थोपवतो. वेग जास्त, तर हा विरोधही जास्त. म्हणून मोकळं फिरणारं मशीन थोडाच करंट ओढतं. बिट, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं टोक, अडकून मोटर थांबली की विरोध नाहीसा होतो आणि करंट नेहमीच्या कित्येक पट होतो. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट तिप्पट झाला तर उष्णता नऊपट. त्यात मोटर गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला. वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते नेमका तेव्हाच तो मंदावतो.

म्हणून सूर उतरला की हात सैल सोडावा, बिट मागे घेऊन भुगा मोकळा करावा. बोथट बिट रेटत बसण्यापेक्षा नवं बिट स्वस्त पडतं. जड काम झाल्यावर मशीन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मोकळं चालवावं, म्हणजे पंखा आतली उष्णता बाहेर काढतो. जाळ्यांमधली धूळही अधूनमधून हवा मारून काढायला हवी, विशेषतः लोखंड कापल्यावर, कारण ती भुकटी वीजवाहक असते.

फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजणारच. ते झिजतात म्हणून ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर टिकतो. आत बारीक ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे, पण कम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसू लागलं तर तिथेच थांबावं. ब्रश बदलताना जोडीच बदलावी.

मोटर वाचवणारा हा वेग ग्राइंडरवर मात्र माणसाच्या मुळावर येऊ शकतो. १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५८ मीटर, ताशी २०० किलोमीटरहून जास्त. कटिंगच्या चकत्यांवर सहसा सेकंदाला ८० मीटरची मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून त्याच ग्राइंडरवर १८० मिलिमीटरची चकती चढवली, तर कडेचा वेग १०४ मीटरवर जातो. चकती फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ १.७ पट. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणत केलेला हा जुगाड मला सगळ्यांत भीतीदायक वाटतो. फुटलेला तुकडा अडवायला तिथे गार्डही नसतो. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, तीही पाहावी. कटिंगच्या पातळ चकतीने आडवं घासू नये. बाजूचा दाब तिला सोसत नाही.

राहिला शॉक. अनेकांचा भरवसा एमसीबीवर, म्हणजे करंट फार वाढला की पडणाऱ्या खटक्यावर असतो, पण एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. ७५० वॅटचं ड्रिल २३० व्होल्टवर तीन अँपिअरहून जास्त करंट घेतं. शरीरातून त्याच्या शंभराव्या भागाइतका, ३० मिलिअँपिअर करंट गेला तरी जीव धोक्यात येऊ शकतो. त्याहून कमी करंटलाही स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सुटत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिल यांनी हात सुटेनासा होण्याची ही मर्यादा प्रयोगांनी मोजली आणि १९६१ मध्ये गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं. आरसीसीबी या गळती ओळखणाऱ्या खटक्याचं तत्त्व तेच: गेलेला आणि परतलेला करंट सारखा नसेल, तर वीज बंद.

चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेल्या मशीनला दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून त्याला अर्थिंगची तार नसते. ही ढाल कोरड्या, न तडकलेल्या बॉडीपुरतीच आहे. ओल्या जागी काम करायचं असेल, तर आरसीसीबी हवाच. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून खटका पडतो का ते आधी बघावं. पडला नाही, तर तो बदलेपर्यंत मशीनचा प्लग लावू नये.