हायब्रिड क्लबचा शाफ्ट

हायब्रिड क्लबचा शाफ्ट : गोल्फमधील हायब्रिड या क्लबचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचे, डोके आणि वरची ग्रिप यांना जोडणारी निमुळती, पोकळ नळी. हायब्रिड हा लांब पल्ल्याचे आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचा क्लब) आणि फेअरवे वूड (फुगीर डोक्याचा, जमिनीवरून लांब मारायचा क्लब) यांच्या मधला क्लब. त्यामुळे त्याला शाफ्ट आयर्नचा द्यायचा की वूडचा, हा प्रश्न सुरुवातीपासून त्याच्या मागे लागलेला आहे. मराठीत दांडा म्हणता येईल, पण खेळाडू शाफ्टच म्हणतात. शिवाय कुऱ्हाडीचा दांडा वाकला तर तो टाकून देतात. गोल्फचा शाफ्ट प्रत्येक फटक्यात वाकतो आणि त्याने तसे वाकावे म्हणूनच त्याला पैसे मोजले जातात.

2, 3 आणि 4 क्रमांकांची, म्हणजे लांब पल्ल्याची, आयर्न हौशी खेळाडूला सहसा साधत नाहीत. त्यांचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, उभट असतो आणि वजन चेहऱ्याला चिकटून असते, म्हणून चेंडू वर उठत नाही. हायब्रिडमध्ये डोके मागे फुगवून वजन खाली आणि मागे नेले आहे. हा क्लब 2000 नंतरच्या दशकात सर्वत्र पसरला. 2004 साली रॉयल ट्रून येथे टॉड हॅमिल्टनने ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली, तेव्हा ग्रीनभोवतीचे (ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) छोटे फटकेसुद्धा त्याने हायब्रिडने मारले होते. 2009 मध्ये हेझल्टीनला पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलवर दक्षिण कोरियाच्या यांग योंग-उनने सुमारे 200 यार्डांवरून, झाडावरून काढलेला हायब्रिडचा फटका ध्वजाजवळ थांबवला आणि टायगर वूड्सला हरवले. चेंडू उंच जावा आणि उतरल्यावर थांबावा, हेच या क्लबचे मुख्य काम. शाफ्ट निवडताना ते डोळ्यांसमोर हवे.

सुरुवातीचे शाफ्ट हिकरी लाकडाचे होते. पोलादी शाफ्टला अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924 मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेने 1929 मध्ये मान्यता दिली. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन तंतूंचा शाफ्ट 1970 च्या आसपास आला. हायब्रिड बाजारात स्थिरावला तोवर ग्रॅफाइट सर्रास झाले होते. म्हणून दुकानातला हायब्रिड बहुधा ग्रॅफाइट लावूनच येतो, मग घेणाऱ्याच्या बॅगेतली आयर्न पोलादी का असेनात. बऱ्याचशा तक्रारींचे मूळ इथेच आहे.

निवडीत पहिला विचार वजनाचा. पोलादी आयर्न शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅम भरतो, फेअरवे वूडचा ग्रॅफाइट शाफ्ट 55 ते 75 ग्रॅम. हायब्रिडसाठी 55 पासून 100 ग्रॅमपर्यंतचे शाफ्ट मिळतात. समजा, एखाद्याच्या आयर्नमध्ये 120 ग्रॅमचे पोलाद आहे आणि हायब्रिडमध्ये 60 ग्रॅमचे ग्रॅफाइट. पाच नंबरच्या आयर्नवरून हायब्रिडवर आल्यावर हाताला काठी अचानक रिकामी लागते. हात पुढे धावतात, अंग मागे राहते, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे वळून झाडीत शिरतो. अशा खेळाडूला 80 ते 95 ग्रॅमचा शाफ्ट बरा. ज्याची आयर्नही हलक्या ग्रॅफाइटची आहेत त्याला 60-65 ग्रॅम पुरतात. आयर्न आणि फेअरवे वूड यांच्या शाफ्टची वजने तराजूवर पाहून हायब्रिडचे वजन त्यांच्या मध्ये बसवणे, एवढे केले तरी निम्मे काम होते.

डावीकडे जाण्याचे दुसरे कारण डोक्याच्या घडणीत आहे. चेंडूला भिडण्याच्या क्षणी डोक्याचा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेत यायला बघतो. हायब्रिडमध्ये तो आयर्नपेक्षा बराच मागे असल्यामुळे शाफ्टचे खालचे टोक पुढे झुकते, चेहरा वरच्या बाजूला कलतो आणि थोडा डावीकडे मिटतोही. टोक मऊ असेल तर हे सगळे वाढते: चेंडू उंच जातो, पण डावीकडे. ज्याचा चेंडू उठतच नाही त्याला हे वरदान आहे. जोरात मारणाऱ्याने टोकाला कडक शाफ्ट घ्यावा.

याउलट ज्यावर लोक सर्वात आधी बोट ठेवतात ते फ्लेक्सचे अक्षर, म्हणजे रेग्युलरसाठी आर, स्टिफसाठी एस वगैरे, फारसे भरवशाचे नाही. त्याला सर्व कंपन्यांचे मिळून एक माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक निघू शकतो. कार्यशाळेत ग्रिपकडचे टोक शिकंज्यात आवळून डोके हलकेच खाली ओढून सोडतात. क्लब थरथरू लागतो आणि यंत्र मिनिटाला किती कंपने झाली ते दाखवते. आकडा मोठा तितका शाफ्ट ताठ. आयर्नचेही आकडे असेच काढून हायब्रिड त्यांच्या ओळीत बसतो का ते पाहिले, तर अक्षराकडे बघावेही लागत नाही. पीळ किती जातो, म्हणजे टॉर्क, याची चर्चा खूप होते. सामान्य खेळाडूला त्यातून मिळणारे थोडेच.

शाफ्ट बदलायचा तर आधी टोकाचा व्यास पाहावा. हायब्रिडच्या डोक्यातली शाफ्ट बसण्याची नळी, होझल, बहुधा 0.370 इंचाची म्हणजे सुमारे 9.4 मिलिमीटरची असते. वूडच्या शाफ्टचे टोक 0.335 इंचाचे, 8.5 मिलिमीटरचे. जुन्या फेअरवे वूडचा चांगला शाफ्ट काढून हायब्रिडमध्ये घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो होझलमध्ये खुळखुळतो. भोवती पातळ नळी घालून चिकटवता येतो, पण वूडपेक्षा जड डोके त्या टोकाला लटकले की शाफ्ट होता त्याहून मऊ वागतो. योग्य व्यासाच्या कोऱ्या शाफ्टला आधी टोकाकडून अर्धा-अर्धा इंच कापून कडकपणा आणतात, मग ग्रिपकडून कापून लांबी जमवतात. होझल गरम केला की जुना इपॉक्सी, म्हणजे शाफ्ट चिकटवलेला गोंद, सुटतो. ग्रॅफाइट मात्र फार तापवले तर तंतू सुटे होतात.

तीन नंबरच्या हायब्रिडची लांबी साधारण 40 ते 40.5 इंच, तीन नंबरच्या आयर्नपेक्षा इंच-दीड इंच जास्त. पल्ला वाढेल म्हणून लांब ठेवला तर चेंडू चेहऱ्याच्या मध्यावर लागणे कमी होते. अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना डोके किती जड भासते ते, तीनेक अंशांनी उतरते. मग डोक्यावर शिशाची पट्टी चिकटवून भरपाई करतात.

चाचणी टीवर, म्हणजे चेंडू उंच ठेवायच्या खुंटीवर, चेंडू ठेवून घेऊ नये, कारण हा क्लब गवतातून मारण्यासाठी आहे. बॅगेतले सर्वात लांब आयर्न आणि सर्वात छोटे वूड सोबत नेऊन तिन्हींनी आलटून पालटून मारावे. हायब्रिडचा पल्ला दोघांच्या मध्ये पडायला हवा. तो वूडच्या पल्ल्यावरच जाऊन बसत असेल, तर नियमाने मिळणाऱ्या 14 क्लबांपैकी एक फुकट अडकला.