स्वायत्त शस्त्रे आणि मानवी नियंत्रण

एकदा सुरू केल्यावर माणसाच्या पुढील हस्तक्षेपाविना लक्ष्य निवडून त्यावर मारा करणाऱ्या यंत्रणेला स्वायत्त शस्त्र म्हणतात. सर्व देशांना मान्य अशी व्याख्या अजून ठरलेली नाही आणि कायद्याचे घोडे बरेचसे तिथेच अडले आहे. माणूस दुरून चालवतो ते ड्रोन यात मोडत नाही. इस्रायली बनावटीचे हार्पी हे उडते शस्त्र मात्र आकाशात घिरट्या घालत रडारचे संकेत हुडकते आणि सापडलेल्या रडारवर जाऊन आदळते. त्या रडारशेजारी कोण उभे आहे, हे त्याला कळत नाही.

युद्धाचे नियम मात्र नेमके हेच कळण्यावर उभे आहेत. सैनिक आणि नागरिक यांत भेद करा, शरण आलेल्याला मारू नका, लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला थांबवा, असे हा कायदा सांगतो. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचे कलम ३६ नवे शस्त्र या नियमांत बसते का, हे आधी तपासायला लावते. पण हात वर केलेला माणूस शरण येतो आहे की दगड भिरकावतो आहे, हे प्रसंग पाहून ठरते. ते आधीच आज्ञावलीत कसे लिहायचे?

‘शेवटी बटण माणसाच्याच हाती आहे ना,’ हे उत्तर पुरेसे नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने होर्मुझच्या सामुद्रधुनीवर इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. बंदर अब्बासहून दुबईला निघालेल्या त्या विमानातले सर्व २९० जण मेले, त्यांत ६६ मुले होती. नौकेवरच्या एजिस या रडार-क्षेपणास्त्र यंत्रणेत विमान वर चढत असल्याची नोंद होती. ते खाली झेपावत असल्याचे कर्मचारी मात्र सांगत राहिले. क्षेपणास्त्र सोडण्याचा निर्णय माणसांचाच होता, पण हाताशी होती काही मिनिटे. म्हणून या चर्चेत ज्याला ‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रण’ म्हणतात ते तपासताना माणसाला पुरेसा वेळ, खरी माहिती आणि नकार देण्याची मुभा आहे का, हे पाहावे लागते. या घटनेत अमेरिकेने १९९६ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांसाठी भरपाई मान्य केली, कायदेशीर दोष मात्र पत्करला नाही. माणसांनी घेतलेल्या निर्णयाची ही गत, तर यंत्राने घेतलेल्याचा जाब कोणाला विचारायचा? सेनापतीला, आज्ञावली लिहिणाऱ्याला की कारखान्याला? यंत्राला शिक्षा देता येत नाही. खटल्यात गुन्ह्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि यंत्राला हेतूच नसतो.

जिनिव्हात विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या १९८० च्या कराराखाली २०१७ पासून शासकीय तज्ज्ञांचा गट यावर चर्चा करतो आहे. सुरुवातीची दोन वर्षे अमनदीप सिंग गिल हे भारतीय राजदूत त्याचे अध्यक्ष होते. उत्तरदायित्व यंत्रांकडे सोपवता येत नाही, हे तत्त्व २०१९ मध्ये मान्य झाले, पण ते बंधनकारक नाही. इथे सगळे एकमताने चालत असल्याने एक देशही वाट अडवू शकतो. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला माणसांना लक्ष्य करणाऱ्या आणि ज्यांच्या परिणामांचा अंदाज बांधता येत नाही अशा स्वायत्त शस्त्रांवर बंदी हवी आहे. २०२६ पर्यंत करार व्हावा, असे आवाहन तिने संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांसह २०२३ मध्ये केले. त्याच वर्षी डिसेंबरात आमसभेने या विषयावरचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधातल्या चौघांत रशिया, बेलारूस आणि मालीबरोबर भारतही होता. चर्चा जिनिव्हातच व्हावी, ही भारताची भूमिका आहे. २०२४ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.