रोमला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

व्हिसा आणि विम्याचे कागद आपल्याला आमच्याकडून वेगळे मिळतीलच. या पत्रकात रोममध्ये रोज उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं, कलोसियमचं, म्हणजे प्राचीन रोमच्या भव्य गोल रंगमंडपाचं तिकीट. ते नावावर आणि ठरावीक वेळेचं असतं; दाराशी ओळखपत्र बघतात. आपल्याकडे वडिलांचं किंवा पतीचं नाव कधी लिहितात, कधी गाळतात. म्हणून बुकिंगसाठी नाव कळवताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यात आहे तस्संच कळवा. याच तिकिटात शेजारचा रोमन फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडीही येते. कलोसियम बघून परत फिरू नका. फोरमसाठी निवांत दोन तास ठेवा, तिथल्या दगडी वाटांवर चालल्याशिवाय जुनं रोम कळत नाही. बूट मात्र रुळलेले हवेत, कोरे नकोत.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतं, पण गर्दी इतकी की ज्येष्ठांना तो दिवस आम्ही सुचवत नाही. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये प्रवेश मोफत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी पर्समध्ये असू द्या. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी त्यांची जाहीर भेट असते, तेव्हा चर्च दुपारकडे ठेवा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती 'नासोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, १८७४ पासून. पाणी गार आणि पिण्याजोगं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, सरळ तोंड लावून प्या. मुलांना फार आवडतं.

शाकाहारी मंडळींनी 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करावं. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतो. तो चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागवा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं घेतली तर स्वस्त; टेबलावर बसलात की दर बदलतो. बिलात 'कोपेर्तो' दिसला तर ती टेबलाची माणशी आकारणी.

बसचं कागदी तिकीट चढल्याबरोबर बसमधल्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर दंड होतो. टेर्मिनी स्टेशन आणि ६४ नंबरची बस इथे खिसेकापूंचा सुळसुळाट. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. हॉटेलचा शहर-कर तिथेच भरावा लागतो, त्यासाठी थोडे रोख युरो बाजूला ठेवा.

अडचणीत ११२ लावा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, तिची प्रत घेऊन रोममधल्या भारतीय दूतावासात जा, आणि लगेच आम्हाला फोन करा. भारतात रात्र असली तरी.